कडू तुंबा आणि पहिला घोट

मी एक जुना तुंबा आहे, मित्रांनो, पाणी न्यायचं भांडं. भामरागडकडच्या एका छपरावर वाढलेला कडू भोपळा. त्या घरच्या सीताबाईनं मला चुलीवरच्या धुरात वाळवलं, पोटातला गर काढला, खडे घालून खळखळवलं. कडूपणा जाईपर्यंत, अकरा दिवस पाणी भरलं, ओतलं. मग पहिला घोट स्वतः घेतला. आपण प्यायल्याशिवाय तुंबा विकायचा नाही, ही तिची रीत. मी थक्क झालो. एका कडू भोपळ्यासाठी एवढं?

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात भद्रावतीचे शिक्षक तीन नद्यांचा संगम पाहायला आले आणि सीताबाई मला मांडून बसली होती त्या बाजारात शिरले. चारोळी चाखताना मूठ भरणारे, दहा सुपं उलटीसुलटी करून रिकाम्या हातानं जाणारे, सगळे मी टिपून ठेवले. त्यांच्यातल्या गुणवंतराव गुरुजींनी मला उचललं.

"व्हार्निश मारून कपाटात ठेवतो."

"याच्यात भरसान काय?" सीताबाईनं विचारलं.

"काई नाई. शोभेले."

"मंग मातीचा घोडा घ्या, गुरुजी. रिकामा तुंबा तडकते."

सोबतच्या शिक्षिका जाहिदाबाई हसल्या. "मले द्या, बाई. माये अब्बा माजरीच्या खाणीत हायेत. दुपारी बाटलीतलं पाणी तापून निरा चहा होते."

सीताबाईनं पाणी भरलं, त्यांच्यासमोर घोट घेतला नि मला त्यांच्या हाती दिलं.

पण माजरीत त्यांच्या अब्बांनी, शफीमियांनी, मला पाहताच हात मागे घेतला. "हे तं ताडीचं भांडं! नमाजी माणसाच्या घरात?"

मी खुंटीवर गेलो. पंधरा दिवस कोरडा. मानेजवळ बारीक चीर पडली. आपलं संपलं, असं वाटलं.

जाहिदाबाई पुन्हा माहेरी आल्या, चिरेवरून बोट फिरवलं, लाखेनं ती बुजवली. मला भरलं आणि वडिलांसमोर घटाघटा प्यायल्या. "त्या बाईनं असंच पिऊन देल्लं, अब्बा. कडू नाई, नशा नाई."

शफीमियांनी वास घेतला. भीत भीत घोट घेतला. डोळे मिटले. "सुभानअल्लाह! हे तं विहिरीचं पाणी!"

मग आठ वर्षं मी खाणीत गेलो. "काऊन चाचा, सकाळीच ताडी?" सोबती चिडवायचे. शफीमिया आधी स्वतः घोट घ्यायचे, मग मला पुढे करायचे. सीताबाईला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. तिची रीत त्यांच्या हातात कशी उतरली, याचं नवल मला अजून वाटतं.

मित्रांनो, आमच्यातलं कुणी बाजारातून घरी न्याल, तर भिंतीला टांगू नका. भरा. आणि पहिला घोट तुम्ही घ्या.