बासिलिओला माफी मिळाली

जून महिन्यात स्पेनमधल्या आमच्या आलिकांते शहरात ज्याच्या मनात पाप असेल त्याने फार मिरवू नये. सान हुआनच्या होळीसाठी गल्लीगल्लीत कागदी लगद्याचे पुतळे उभे राहतात, आणि ते कुणाची भीड ठेवत नाहीत. यंदा आम्ही घरमालक बासिलिओला धरलं. पुतळ्याच्या हातात चाव्यांचा जुडगा, त्याच्या पायाशी बोचकं घेऊन बसलेली, लगद्याचीच, फुएनसांता मावशी. खऱ्या मावशीला बाहेर काढून त्याने तिचं भाड्याचं घर पर्यटकांना दिलं होतं. पाटी मी लिहिली: ‘म्हातारी काढली, भाडी वाढली.’

बासिलिओ तणतणत माझ्या दारात आला.

“भर चौकात जाळणार मला? माझ्या अब्रूचं काय?”

“मावशीला घर परत द्या, आत्ता पुतळा उतरवते.”

“व्यवहार वेगळा, अब्रू वेगळी!”

त्याला अब्रू आहे, हे मला तेव्हाच कळलं.

मग त्याला आठवलं की दरवर्षी लोकांच्या मतांनी एक पुतळा माफ होतो. तो जळत नाही, संग्रहालयात जातो. गडी कामाला लागला. भाऊबंद, न्हावी, भाडेकरू जर्मन, सगळ्यांना ट्यूना भरलेली कोका रोटी आणि अंजिरं चारून मतांच्या रांगेत उभं केलं. निकाल लागला तेव्हा पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकून त्याने फोटोही काढून घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाकी सगळे पुतळे जळले. त्यात वजनात काटा मारणारा आमचा पाववाला रामिरोही होता. मग रिवाजाप्रमाणे बंबवाल्यांनी बघ्यांनाही पाण्याने भिजवलं आणि सकाळी लोक हसतहसत रामिरोकडेच पाव घ्यायला गेले. जळलं ते फिटलं, ही आमची रीत. पुन्हा कुणी विषय काढत नाही.

बासिलिओचं जळलंच नव्हतं. तो दिसला की पोरं पाटी म्हणून दाखवायची. शेवटी तो पुन्हा माझ्याकडे आला.

“अहो बाई, जाळून टाका ना तो पुतळा!”

“आता कसा जाळणार? लोकांचा कौल आहे. तुम्हीच मिळवलात.”

मावशी हल्ली बहिणीच्या माजघरात खाटेवर झोपते. घर काही तिला मिळालं नाही, याचा मला अजून संताप येतो. पण रविवारी ती संग्रहालयात जाते, बोचक्याशेजारी बसलेल्या स्वतःला बघते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, “ही मी. इथून मात्र त्याला मला काढता येत नाही.”