न मारलेला शिक्का

पहाटे साडेपाचला न्ताते खेथिसांनी गाडी अंगणाबाहेर काढली, तेव्हा अर्धी आळी ब्लँकेटं पांघरून दारात उभी होती.

"पोचलीस की फोन कर गं, पुसेलेत्सो!"

"आयर्लंडात रोज पाऊस असतो म्हणे. छत्री घेतलीस का?"

"छत्री कशाला? बापाची प्रवचनं पाठ आहेत तिला. दोन सुनावली की ढगसुद्धा पळतील!" हे बोलली ती म्मे मातुमेलो, चर्चमधल्या गाणाऱ्या बायकांची म्होरकी. सगळ्यांना हसवून झालं आणि तिनंच सगळ्यांआधी ब्लँकेटचं टोक डोळ्याला लावलं.

न्ताते हसले. म्हणजे ओठ तेवढे हलले. मोठ्या बाईला म्मे, तसं मोठ्या माणसाला न्ताते; गाव त्यांना न्ताते म्हणे आणि मुलगीही न्ताते म्हणे. तीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस गावाचाच बाप होऊन बसतो. आता शाळा सुटली होती, राहिलं होतं रविवारचं प्रवचन. आणि ते प्रवचन म्हणजे निम्मं गाणंच. दोन वाक्यं साधी बोलायची, तिसरं सुरात उचलायचं, मग मागून सगळ्यांनी ते झेलायचं. त्यांचं दाराचं प्रवचन ऐकायला तर पलीकडच्या डोंगरातून माणसं घोड्यावर बसून येत.

"आपण बासोथो माणसं," ते सुरू करत, "जन्मभर त्या सरहद्दीच्या पुलावर रांगेत उभी. पीठ आणायचं, पूल. खाणीत जायचं, पूल. ओळखीच्या मयताला जायचं, पूल. कागद दाखव, शिक्का मारून घे, पुढं सरक. पण बाबांनो, एक दार असं आहे..." इथं आवाज एकदम वर जाई. "काय दाखवाल त्या दारी?"

आणि भिंती हलतील असा जबाब येई, "रिकामे हात! रिकामे हात!"

रांगेत उभं राहून पाय मोडलेली माणसं ती. ती हसत आणि हसता हसता रडत.

पुसेलेत्सो म्हणजे परत मिळालेली. तिच्याआधीचा खोत्सो नऊ दिवसांचा होऊन गेला. बायकोला गाव त्याच्याच नावानं म्माखोत्सो म्हणायचं, ते शेवटपर्यंत. दोन हिवाळ्यांपूर्वी तीही गेली. आता पोरगी चालली होती. नर्सचं शिक्षण, वर तीन वर्षं परीक्षांवर परीक्षा, आणि मग आयर्लंडातल्या एका इस्पितळातून पत्र. सोमवारी सकाळी हजर व्हायचं. नाही झाली तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीची. विमान आज, शनिवारी, संध्याकाळी पाचला, जोहान्सबर्गहून. परदेशी जायचं तर आधी पूल ओलांडून दुसऱ्याच परदेशात चारशे किलोमीटर गाडी हाकायची. तिथल्या कुणाला यात नवल वाटत नाही.

साडेसहाला ते पुलावर पोचले. आपल्या बाजूचे शिक्के झाले. पलीकडच्या इमारतीत रांग लांब होती. पुसेलेत्सो म्हणाली, "न्ताते, तुम्ही उभे राहा, मी गरम वडे घेऊन येते," आणि टोपलीवाल्या बाईकडे गेली. दोघांचे पासपोर्ट न्तातेंच्या खिशात होते.

रांग सरकली. खिडकीमागच्या बाईनं त्यांचा पासपोर्ट घेतला, शिक्का मारला आणि न बघताच विचारलं, "सोबत कोण कोण आहे?"

ते बोलणार होते, मुलगी आहे, हा तिचा पासपोर्ट. हात खिशात गेलाही होता. पण तोंडातून निघालं, "एकटाच आहे."

कुठून आलं ते वाक्य, देव जाणे. दोन हिवाळे ते घशात बसून होतं.

बाहेर येतात तो पुसेलेत्सो वर्तमानपत्राच्या पुड्यात वडे घेऊन गाडीपाशी उभी. "झालं?"

"झालं," न्ताते म्हणाले.

मागून टॅक्सीवाले हॉर्न वाजवत होते. गाडी सुरू झाली आणि पूल मागं पडला.

आपण काय केलं ते त्यांना पुरतं कळत होतं. नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही ते कळतं. आत आल्याचा शिक्का नसेल तर जोहान्सबर्गला बाहेर पडू देत नाहीत. मागच्या वर्षी शेजारचा तेबेलो असाच विमानतळावरून माघारी आला होता, सवयीप्रमाणं बिनशिक्क्याचा नदी उतरून गेला होता म्हणून. तिलाही अडवतील. ती रडेल. परतताना गाडीत बोलणार नाही, एक दिवस, फार तर चार. मग इकडंच, मासेरूच्या इस्पितळात लागेल, संध्याकाळी घरी येईल आणि म्हणेल, न्ताते, आज मक्याचा पापा पातळ झाला. दोघं एका ताटात जेवतील. इतकंच तर हवं होतं. देवाकडं मागितलं असतं तर देवानं दिलंही असतं. पण मागायला धीर लागतो, तो कुठून आणायचा?

"न्ताते, वडा घ्या ना. गार होतोय."

"भूक नाही."

"प्रवचनकाराला भूक नाही! लिहून ठेवायला पाहिजे." तिनं दुसरा वडाही स्वतःच खाल्ला. "मी गेल्यावर जेवणार आहात ना? का म्मे मातुमेलोला रोज ताट घेऊन पाठवू? ती टपलेलीच आहे हं."

"तोंड आवर."

"खरं तेच बोलतेय. मागच्या रविवारी तुमच्या बुटांना पॉलिश करून आणलं तिनं. आई असती तर दोघांनाही बुटानंच मारलं असतं."

एरवी ते खो खो हसले असते. आज रस्त्यावर डोळे लावून बसले. दोन्ही बाजूंना माना टाकलेली सूर्यफुलं, कडेला गुलाबी-पांढरी रानफुलं, आणि मधून सरळसोट रस्ता. लेडीब्रँड गेलं. पुढच्या गावी सांगू. क्लोकोलान गेलं. पेट्रोल भरताना सांगू. पेट्रोल भरून झालं. पंपावरच्या पोरानं काच पुसता पुसता विचारलं, "कुठवर?" तर पुसेलेत्सोच ओरडली, "आभाळापर्यंत!" न्तातेंनी खिसा चाचपला. पासपोर्ट तिथंच होता, छातीला लागून.

मार्क्वार्डच्या अलीकडं फोन वाजला. म्मे मातुमेलो. शनिवारी बायका चर्च झाडायला जमत. पुसेलेत्सोनं फोन मोठ्या आवाजावर टाकून पुढ्यात ठेवला.

"कुठवर आलात गं? बाप नीट चालवतोय ना, का मध्येच हात सोडून गातोय?"

"आज गप्पगप्प आहेत."

"गप्प? तब्येत बरी आहे ना त्यांची? न्ताते, ऐका! आम्ही केरसुण्या ठेवल्यात खाली. पोरीला निरोप द्यायचाय. तुम्ही उचला, आम्ही झेलतो. दाराचं घ्या!"

फोनमधून बायकांची कुजबुज आली, कुणी खोकलं, मग सगळं शांत झालं. पंचवीसएक बायका हातात केरसुणी घेऊन त्यांच्या एका ओळीची वाट बघत होत्या. तीस वर्षांत ही ओळ त्यांना आठवावी लागली नव्हती, आपोआप यायची. काय दाखवाल त्या दारी.

त्यांनी तोंड उघडलं. सूर नाही. पुन्हा उघडलं. घशातून नुसती हवा निघाली.

"न्ताते?" फोनमधून म्मे मातुमेलो म्हणाली, हळू आवाजात. तिच्या तोंडून असा आवाज कुणी ऐकला नसेल. "अहो न्ताते?"

त्यांनी गाडी कडेला घेतली. निलगिरीची झाडं होती, त्यांखाली थांबवली. पुसेलेत्सोनं "नंतर करते, म्मे" म्हणून फोन ठेवला आणि त्यांच्या छातीवर हात ठेवला. नर्सच ती. "दुखतंय का इथं? डावा हात जड वाटतोय?"

न्तातेंनी तिच्या हाताखालूनच खिशातला पासपोर्ट काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. "शिक्का नाही त्यात."

"म्हणजे?"

"मी दिलाच नाही. खिडकीतली बाई म्हणाली, सोबत कोण. मी म्हटलं, एकटाच."

तिनं पानं उलटली. पुन्हा पहिल्यापासून उलटली. मग दार उघडून खाली उतरली आणि फुलांच्या कडेकडेनं चालत लांब गेली. इतकी लांब, की न्तातेंना वाटलं, आता ही अशीच जाणार. सव्वाआठ वाजले होते. थोड्या वेळानं ती परत आली, त्यांच्या बाजूला.

"उतरा."

"पुसे, ऐक..."

"उतरा न्ताते. गाडी मी चालवणार. तुमचा भरवसा नाही, कुठं मध्येच वळाल."

ती बुटकी, आईवर गेलेली. सीटखालचा खटका दाबून तिनं सीट अगदी पुढं ओढली, आरसा वाकवला आणि गाडी उलटी फिरवली. मघाची सूर्यफुलं पुन्हा तशीच मागं गेली.

खिडकीमागं तीच बाई होती. तिनं पुसेलेत्सोचा पासपोर्ट घेतला, मग मागं उभ्या न्तातेंकडं पाहिलं. "सकाळी तुम्ही एकटे म्हणाला होतात."

रांगेतल्या माना वळल्या. दोघेतिघे त्यांच्या प्रवचनाला येणारे होते.

"खोटं बोललो, बाई," न्ताते म्हणाले. "मुलगी आहे माझी. दूर चाललीय. जाऊ नये वाटलं."

बाई पासपोर्ट घेऊन आत गेली. दहा मिनिटं झाली. वीस झाली. पुसेलेत्सो भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती, न्ताते तिच्याकडं. पन्नास मिनिटांनी बाई परत आली. "शिक्का विसरणारे रोज दहा येतात," ती म्हणाली. "लपवणारा बाप पहिलाच." आणि शिक्का मारला. त्याचा आवाज न्तातेंना पाठीत गेल्यासारखा वाटला.

मग गाडी पळाली. मार्क्वार्ड गेलं, सेनेकाल गेलं, हमरस्ता लागला. क्रूनस्टाडला तिनं पाणी प्यायला गाडी थांबवली, बाटली न्तातेंपुढं धरली, तीही त्यांच्याकडं न बघता. वाल नदीचा पूल आला तेव्हा उन्हं कलली होती.

"जाऊ नको म्हणायचं होतं तर म्हणायचं," ती एकदम म्हणाली. "एवढी प्रवचनं करता. दोन शब्द नव्हते जवळ?"

"म्हटलं असतं तर राहिली असतीस."

तिनं पूल ओलांडला. डोळे एकदा मनगटानं पुसले, जवळजवळ त्यांना धमकावल्यासारखे. आणि मग ती गायली. गळा मुळीच नव्हता तिला, प्रवचनकाराची पोर आणि मेंढीचा आवाज म्हणून गाव चिडवायचं. त्याच आवाजात तिनं ओळ उचलली, "काय दाखवाल त्या दारी?"

न्तातेंनी आयुष्यभर ती ओळ उचलली होती. झेलली कधी नव्हती. मागं बसणाऱ्यांची ओळ किती सोपी असते आणि ती म्हणताना काय काय हातातून सोडावं लागतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"रिकामे हात," ते म्हणाले. मग सुरात, "रिकामे हात."

"मोठ्यानं, न्ताते. मागच्या बाकावर ऐकू येत नाही."

विमानतळावर सामान घेणारी खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती. निरोपाला वेळच उरला नाही. तिनं त्यांच्या गळ्यात हात टाकले, गाडीची किल्ली त्यांच्या मुठीत कोंबली, "जेवा" म्हणाली आणि पळाली. जिथवर प्रवासी नसलेल्यांना जाता येतं तिथवर न्ताते गेले. काचेपलीकडं गर्दीत तिचा निळा स्वेटर दिसला, मग दुसऱ्या कुणाचा तरी निळा स्वेटर दिसला, मग कुठलाच नाही. ते तिथं किती वेळ उभे होते कोण जाणे. फोन थरथरला. तिचा निरोप होता, चारच शब्दांचा. "शिक्का विचारला. मी दाखवला."

गाडीत बसायला गेले तर गुडघे स्टिअरिंगला आपटले. सीट तिनं ओढली तशी पुढंच होती. खटका खालीच होता, हाताशी. त्यांनी दाबला नाही. पाय दुमडून, गुडघे टेकवून तसेच निघाले. दमल्यावर वाटेतल्या एका पंपावर गाडीतच डोळा लागला, तोही तसाच आखडून.

रविवारी उजाडता उजाडता ते पुलावर आले. दहाला चर्च होतं. खिडकीमागं आज एक तरुण होता, जांभया देणारा.

"सोबत कोण कोण आहे, न्ताते?"

मागच्यानं खाकरून पाहिलं.

"एकटाच आहे," न्ताते खेथिसा म्हणाले. आवाज साफ आला.

शिक्का पडला. ते बाहेर आले, गाडीत शिरले, गुडघे पुन्हा होते तिथं टेकवले, आणि पूल ओलांडला.