रुखमाची चुंबळ

आचल सायकलवरून पडली तेव्हा मी अंगणात बाजेवर बसून अंबाडीची भाजी खुडत होते. ती सायकल हातात धरून चालत आली. पुढचं चाक वाकडं होऊन दर फेऱ्याला घासत होतं. तिचा कोपर सोलला होता आणि ओढणीला चिखल लागला होता. डोक्यावरचं पांढरं हेलमेट काढून तिनं हँडलला अडकवलं होतं. जवळ आली तेव्हा दिसलं, ते कानाजवळ चिरलं होतं.

"आजी, आरडू नको," ती म्हणाली. "मले काई झालं नाई."

आचल माझी नात, बारावीत शिकते. गावापासून नागभीडचं कॉलेज नऊ किलोमीटर. पहिली एसटी येते तोवर तिचे दोन तास होऊन गेलेले असतात, म्हणून ती शाळेत मिळालेल्या सायकलनं जाते. हेलमेट तिला मागच्या वर्षी सायकल रॅलीत मिळालं. तेव्हापासून ते घालूनच जाते आणि गावातली पोरं तिला "अंतराळवीर आली" म्हणून चिडवतात.

झालं असं होतं. मागून ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. तिनं सायकल डांबराच्या खाली उतरवली, चाक गिट्टीवर घसरलं आणि तिचं डोकं मैलाच्या दगडावर आपटलं. ट्रक निघून गेला.

संध्याकाळी माझा मुलगा देवानंद शेतावरून आला. त्यानं आधी पोरीचा कोपर पाहिला, मग चाक, मग हेलमेट. हेलमेट बाजेवर ठेवून तो पाय धुवायला गेला. तेवढ्यात शेजारचे पोचूभाऊ आलेच. त्यांनी माजरीच्या खाणीवर सतरा वर्षं कोळशाचा ट्रक चालवला, त्यामुळे रस्त्याचा विषय निघाला की ते बोलावण्याची वाट पाहत नाहीत.

"हे पाह्य देवानंद," हेलमेट बोटावर फिरवत ते म्हणाले, "हे रिकामी टोपली होय. ट्रकाच्या चाकाखाली टोपली न डोकं, दोनी सारखेच."

"ट्रकाखाली कोण जाऊन राह्यलं आबा?" आचल म्हणाली. "मी दगडावर पडली. पडल्यावर डोकं फुटू नये म्हणून असते ते. ट्रकासाठी कोणी म्हटलंच नाई."

"अन घातल्यानं तू पडते, त्याचं काय? मागून ट्रकवाला पाह्यते, पोरीनं टोप घातला, म्हणजे पक्की चालवणारी हाय. मंग तो जवळून काढते."

"तुमाले काय माहीत?"

"म्या सोताच काढत होतो ना!"

माझी सून साधना चहा घेऊन आली होती. ती हसली नाही. "पण भाऊजी, दगड तं लागला ना डोक्याले. हे चिरलं ते तिचं डोकं चिरलं असतं."

"नसतं चिरलं," देवानंद ओसरीवरून म्हणाला. "हे नसतं तं हळू गेली असती. याच्या भरवशावर जोरात हाणते."

"हळूच होती बाबा."

"हळू होती तं मंग याची गरजच काय होती? तसंबी काई झालं नसतं."

आचलनं कपाळाला हात लावला. "म्हणजे लागलं तं हेलमेटनं लागलं, न वाचली तं अशीच वाचली. तुमी काईबी बोलून राह्यले."

पोचूभाऊ हसायला लागले. देवानंद नाही. टॉवेलनं तोंड पुसत तो शांतपणे म्हणाला, "उद्यापासून सायकल बंद. चामोर्शीले मावशीकडं राहाचं न तिथून शिकाचं."

"अर्धं वरीस झालं बाबा! तिथं आता मले कोण घेईल? वरीस जाईल माझं."

"गेलं तं गेलं. वरीस पुना येते. या घरातली एक पोरगी सायकलनं गेली. दुसरी नाई."

आचल आत निघून गेली. पोचूभाऊंनी चहाची बशी खाली ठेवली. त्या एका पोरीचं नाव या घरात असंच, नाव न घेता घेतलं जातं.

तिचं नाव रुखमा. माझी नणंद, देवानंदची आत्या. त्यानं तिला कधी पाहिलं नाही.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा रुखमा सतरा वर्षांची होती. आम्ही ढिवर. मालक, म्हणजे रुखमाचा भाऊ इस्तारी, पहाटे तलावात जाळं टाकायचे. आम्ही बायका मरळ आणि झिंगे टोपलीत घालून बाजाराला पायी निघायचो. टोपलीखाली चुंबळ. जुनं लुगडं पिळून, गुंडाळून प्रत्येकीनं आपली चुंबळ आपणच करायची. रुखमाची हिरवी होती, लाल काठाची. सासूबाईंच्या, केसरबाईंच्या, लग्नातल्या लुगड्याची. दबून चपटी झालेली चुंबळ पुन्हा डोक्यावर घ्यायची नाही, सोडून नव्यानं वळायची. आणि बाजार करून परतताना टोपली रिकामी असली तरी घरचा उंबरा ओलांडेपर्यंत चुंबळ डोक्यावरून उतरवायची नाही. वाटेत उतरवली तर दुसऱ्या दिवशी तलाव मासा देत नाही, असं केसरबाई सांगायच्या. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मालकांनी एक जुनी काळी सायकल आणली होती. रुखमानं ती तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, शिकून घेतली. आधी दांड्याखालून पाय घालून कैची, मग एक दिवस लुगड्याचा काष्टा घट्ट करून थेट सीटवर. त्या काळी आमच्या गावात सायकलवर बसलेली बाई कोणी पाहिली नव्हती. बाया पाळीवर जमून बोलायच्या, "पाय मोडल हिचा. मंग कोण करल हिले बायको?"

"ज्याच्या घरी सायकल असल तो करल," रुखमा जाता जाता ओरडायची.

तिच्यामुळे आमचा मासा नागभीडच्या बाजारात सगळ्यांच्या आधी पोचायला लागला. स्टेशनात छोट्या गाडीची शिटी व्हायच्या आत तिची टोपली संपलेली असायची. मी तिची वाट पाहत पाळीवर उभी राहायचे. आश्विनात धान उंच झालेलं असे. सायकल दिसत नसे, रुखमाही दिसत नसे. फक्त ती हिरवी चुंबळ धानावरून सरकत येताना दिसायची, पाण्यावरून काही वाहत यावं तशी.

तो आश्विनच होता. मला चौथा महिना होता. मी पायी बाजाराला गेले होते आणि परतताना पाय उचलत नव्हते. रुखमानं मला सायकलवर मागे बसवलं. कॅरेज लोखंडी, रस्ता मुरमाचा. दोन शेतं गेल्यावर मी म्हणाले, "रुखमा, उतरव मले. लई टोचते."

तिनं सायकल थांबवली, पदर मागे केला आणि डोक्यावरची चुंबळ काढून कॅरेजवर ठेवली.

"आवो, वाटेत काऊन उतरवली? सासूबाईले समजलं तं?"

"तू सांगतं का? मंग बस मुकाट."

"माही घे ना. माही ठेवू खाली."

"तुयी डोक्यावर राहू दे वयनी. रीत मोडाची तं एकीनंच मोडावी. दोघींनी मोडली तं तलाव कोरडाच पडन."

आम्ही दोघी इतक्या हसलो की सायकल हलायला लागली. मी तिच्या चुंबळीवर बसले. माझी माझ्या डोक्यावर होती. मी म्हटलं होतं माझी घे. पण एकदाच म्हटलं.

नाल्यावरच्या बुटक्या दगडी पुलावर, रपट्यावर, शेवाळ होतं. चाक सरकलं. दोघी एकाच बाजूला, एकाच दगडी कडेवर पडलो. माझं डोकं असं आपटलं की कानात गाडीची शिटी वाजल्यासारखं झालं. रुखमा माझ्या आधी उठली. रक्ताचा थेंब नाही. म्हणाली, "वयनी, पोट पाह्य आधी." मी पोटावर हात ठेवला, तिनंही ठेवला. सायकल तिनंच धरून आणली. घरी आली, जेवली, डोकं दुखतं म्हणून निजली. मग उलट्या झाल्या. सकाळी हाक मारली तर ओ देईना. बैलबंडीतून नागभीडला नेली, दुपारी गेली.

तेराव्या दिवशी केसरबाईंनी मला विचारलं, "तिची चुंबळ कुठी हाय? डोक्यावर होती ना पोरीच्या?"

मी म्हटलं, "होती. नाल्यात वाहून गेली."

मालकांनी ती सायकल पाळीवरच्या आंब्याला टेकवून ठेवली. तिथेच ती गंजली. गावातल्या बापांनी पोरींना सांगितलं, सायकलनं इस्तारीची बहीण नेली. पुढे मी सातवी पास म्हणून अंगणवाडीत लागले. तीस वर्षं गावोगाव पायीच गेले. लोक म्हणत, बाईला भीती बसली. मी तसंच म्हणू दिलं.

हे सगळं मी त्या संध्याकाळी बाजेवर बसून आठवत नव्हते. ते रोजचंच आहे. नवीन काही होतं तर ते आतून येणारं आचलचं रडू. मी उठले, माझी पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून ती चुंबळ काढून आणली. बाजेवर हेलमेटशेजारी ठेवली.

"हे काय होय?" देवानंदनं विचारलं.

"तुया आत्याची चुंबळ."

"ते तं नाल्यात वाहून गेली. आजी सांगत होती."

"आजीले म्या तसं सांगतलं होतं. तिनं वाटेत डोक्यावरून काढली, हे समजलं असतं तं मेलेल्या पोरीले बोल लावला असता. न मलेबी."

देवानंद बाजेच्या कडेला बसला. "बाबाले माहीत होतं?"

"नाई. कोणालेच नाई."

"मंग पडली तेव्हा डोक्यावर नव्हती?"

"माही माझ्या डोक्यावर होती. तिची नव्हती."

"मंग कुठी होती?"

"तुयाखाली," मी म्हटलं. "तू पोटात होता. कॅरेज टोचे, म्हणून तिनं खाली ठेवली."

पोचूभाऊ दुसरीकडे पाहायला लागले. साधना दारात उभी होती, तिच्यामागे आचल. देवानंदनं हात पुढे केला, पण चुंबळ उचलली नाही. त्यानं विचारलं, "असती डोक्यावर, तं वाचली असती?"

"ते मले नाई माहीत."

"अंदाज?"

"अंदाज नाई बापू. पन्नास वर्षं झाली, रोज करून पाह्यतो. कधी वाटते वाचली असती. कधी वाटते एवढ्याशा चिंधीनं काय होते. म्या वाचली ते चुंबळीनं का नशिबानं, तेबी माहीत नाई. एवढंच माहीत हाय, का दगड तोच होता न तिचं डोकं उघडं होतं. तुयी पोरगी पडली तं तिचं उघडं नव्हतं. अन तू म्हणतं, हेलमेट असतं का नसतं, दोनी सारखंच."

देवानंदनं हेलमेट उचललं, उलटं केलं आणि चिरेच्या आत अंगठा घातला. आतला पांढरा थर्माकोल तिथे वाटीसारखा दबला होता. अंगठा बसेल एवढा. त्यानं तो दाबून पाहिला, पुन्हा पाहिला.

"एमसील लावून देतो मी," साधना घाईनं म्हणाली. "उद्या घालाले होईल तिले."

"नाई होत आई," आचल मागून म्हणाली. "एकदा दबलं का त्याचं काम संपलं. फेकाच लागते."

"चपटी चुंबळ कोणी पुना डोक्यावर घेत नाई," मी म्हटलं.

देवानंद उठला. अंगणात जाऊन सायकल उलटी टेकवली आणि वाकडं चाक हातानं फिरवून पाहायला लागला. पाठ आमच्याकडे ठेवूनच म्हणाला, "उद्या नागभीडले जाऊ. दुसरं घेऊ. डोक्यावर बसवून पाहूनच घेऊ, ढिल्लं नाई पायजे."

आचल धावत बाहेर आली.

"आयक पयले. मोठ्या रस्त्यानं जायाचं नाई. कालव्याच्या रस्त्यानं. ट्रकाचं पोचूभाऊ खरंच बोलले. त्याच्यापुढं हे टोपलीच होय."

"दोन किलोमीटर जास्त पडते बाबा!"

"मंग लवकर ऊठ."

पोचूभाऊंना पुन्हा वाचा फुटली. "कालव्यानं वाघ निंगते म्हणते. त्याच्यासाठी कोन्ता टोप घेशील वं?"

"त्याच्यासाठी तुमाले मागं बसवतो आबा. तो पयले तुमाले खाईल, मी निघून जाईन."

"पाह्य, पाह्य! या पोरीले काय शिकवता तुमी कॉलेजात?"

सगळे हसले. कालव्यावर सकाळी धानाला जाणाऱ्या बायांची वर्दळ असते, हे पोचूभाऊंनाही माहीत होतं. मी चुंबळ उचलायला गेले तर देवानंद म्हणाला, "राहू दे माय. पेटीत नको ठेवू आता." ती त्यानं ओसरीतल्या कोनाड्यात, त्याच्या बापाच्या फोटोखाली ठेवली. मला वाटलं होतं मालकांच्या डोळ्यांकडे मला पाहवणार नाही. पाहवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आचल नवीन हेलमेट घालून निघाली. या खेपेला पिवळं आहे. हनुवटीखालचा पट्टा बापानं दोनदा ओढून पाहिला आणि ती दोनदा "गळा दाबता का" म्हणाली. मी काठी घेऊन हळूहळू तलावाच्या पाळीवर गेले. बरीच वर्षं त्या वेळेला तिथे गेले नव्हते. धान निसवलं होतं. कालव्याच्या बाजूला सायकल दिसत नव्हती, पोरगीही दिसत नव्हती. धानावरून फक्त ते पिवळं सरकत होतं. पळसांच्या मागे जाईपर्यंत मी उभी राहिले, मग परत यायच्या वेळेचा हिशेब करत घरी आले.

दुपारी पुन्हा पाळीवर जायचं होतं.