पाठीमागची रिंग

मी बास्केटबॉलमधून निवृत्त झालो त्या दिवशी रिंग माझ्यामागून घरी आली. निरोपाची शाल आणि नारळ मांडीवर घेऊन मी ऑटोत बसलो, तेव्हा ऑटोचं छप्पर दोन-तीन हात वर सरकलं. ऑटोवाल्याची कॉलर मागे झुकली, म्हणजे त्याने आरशातून वर पाहिलं. आमच्या हॉलचं छत साडेनऊ फुटांवर होतं. मी उंबरठा ओलांडला तसं ते तेरा फुटांवर गेलं आणि पंखाही त्याच्याबरोबर गेला.

रिंग मी पाहिलेली नाही. मी वळलो की तीही वळते. बेसिनवरच्या आरशात माझ्यामागे नुसती भिंत दिसते, आणि तिच्यावर एक चौकोनी फिकट जागा, तिथून काहीतरी काढून नेल्यासारखी. पण ती आहे याबद्दल मला शंका नाही, कारण माझ्याशी बोलणारा प्रत्येक माणूस बोलता बोलता एकदा माझ्या डोक्यावरून वर बघतो. मान वर झाली की शर्टाचा खालचा काठ बोटभर उचलला जातो. दूधवाल्याचा उचलला जातो, बँकेतल्या शिपायाचा उचलला जातो. ज्याला बॉल टाकायचा असतो तो माणूस असाच बघतो. तीस वर्षं मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

माझं नाव हेमराज इटनकर. नागपुरात एका जिमखान्याच्या मुरमाच्या मैदानावर मी खेळायला लागलो तेव्हा तेरा वर्षांचा होतो. भांगे सरांनी आम्हाला रांगेत उभं करून दहा-दहा बॉल रिंगमध्ये टाकायला लावले. माझा एकही गेला नाही. सर म्हणाले, "इटनकर, तुह्याच्यानं टाकणं होत नाही. आता दुसऱ्याले टाकू देऊ नको."

बाकीचं त्यांनी महिनाभरात शिकवलं. तोंडाकडे पाहायचं नाही, तोंड खोटं बोलतं. बॉलकडे पाहायचं नाही, बॉलही खोटं बोलतो. जर्सीवरच्या नंबराच्या खाली, पोटाजवळ पाहायचं. ते जिकडे जातं तिकडेच माणूस जातो. आणि रिंग कायम आपल्या पाठीशी ठेवायची. मी ते इतकं मनावर घेतलं की राज्याच्या संघात गेलो, सरकारी खात्याच्या संघात गेलो, तिथेच नोकरीला लागलो. मध्ये एक व्यावसायिक लीग निघाली, तिच्यातही मला घेतलं. ती एका हंगामात बंद पडली, त्यात माझा दोष नव्हता. समोरच्या संघाचा सगळ्यात भारी खेळाडू कोण, एवढंच मला सांगायचे, आणि त्या दिवशी तो माणूस घरी जाऊन नीट जेवत नसे. माझे स्वतःचे पॉइंट विचारू नका.

वर्तमानपत्रात माझी पाठ सतरा वेळा छापून आली. माझ्या बायकोने, सुलक्षणाने, ती कात्रणं वहीत चिकटवून ठेवली आहेत. सतराही फोटोंत चेहरा दुसऱ्याचा आहे. फोटोवाले नेमके माझ्यामागे, रिंगखाली बसायचे. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र आमच्या कामात एकट्याने होत नाही. समोरच्या माणसावर नजर ठेवून आपण आडवे सरकत असतो, तेव्हा त्याचा साथीदार गुपचूप आपल्या वाटेत येऊन खांबासारखा उभा राहतो. याला स्क्रीन म्हणतात. ती आपल्याला दिसत नाही. आपल्या माणसाने मागून ओरडावं लागतं, "उजवीकडे स्क्रीन". ओरड ऐकली की न बघता अंग चोरायचं आणि निसटायचं. खरं की खोटं असं बघत बसलात की आदळलातच. माझ्यामागे अकरा वर्षं सॅमी रणदिवे ओरडत होता. शेवटच्या फायनलला तो ओरडला नाही. माझ्या दोन बरगड्या मोडल्या आणि आम्ही एका बास्केटने हरलो. मी त्याला काही विचारलं नाही. विचारून तो खरं थोडंच सांगणार होता.

तर निवृत्तीनंतर मी खात्यात पूर्ण वेळ बसू लागलो. टेबल भिंतीला पाठ करून लावून घेतलं. भिंत चार फूट मागे सरकली. पहिल्याच आठवड्यात समोरच्या दहीवलेने एका कागदाचा बोळा केला आणि माझ्या डोक्यावरून फेकला. रिंगच्या जाळीचा आवाज झाला. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. बोळा खाली पडला नाही. मी अर्धा तास कान देऊन बसलो.

"काय होतं ते?" मी विचारलं.

"काही नाही साहेब, कचरा."

कचऱ्याची टोपली त्याच्या पायाशी होती. मी त्या दिवसापासून खात्यातही हात वर ठेवून बसू लागलो.

मग घरात सुरू झालं. शेजारच्या किंमतकर काकू वाटी परत द्यायला आल्या आणि माझ्या डाव्या खांद्यावरून त्यांनी ती टाकली. मी गाफील होतो, कबूल करतो. वाटी पडल्याचा आवाज आला नाही. नंतर त्यांचं मांजर. ते सोफ्याच्या पाठीवर बसून माझ्याकडे बघत होतं. मी त्याच्या पोटाकडे बघत होतो. ते माझ्या खांद्यावर आलं, तिथून वर उडालं आणि जाळी वाजली. काकू चार दिवस गल्लीत "मने, मने" करत फिरल्या. मला वाईट वाटलं, पण काय सांगणार होतो? त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण घरात गार्गी होती.

गार्गी माझी मुलगी. सोळा वर्षांची. तीही खेळते, पण ती टाकते. रेषेबाहेरून, कुठूनही, न बघता. आमच्या सात पिढ्यांत कोणी बॉल टाकलेला नाही. हे तिने कुणाकडून घेतलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मांजर गेल्यापासून मी तिला माझ्या पाठीमागे जाऊ दिलं नाही. ती शाळेतून आली की मी आधी वळायचो, ती स्वयंपाकघरात गेली की मी परत वळायचो. मला ती एकच आहे. ती वर गेली आणि खाली पडलीच नाही, तर मी किती वेळ कान देऊन बसणार?

एका रविवारी सॅमी आला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. मी त्याला माझ्यासमोर बसवलं. त्याच्या शर्टाचा काठ एकदाही उचलला गेला नाही. तो एकटाच माणूस वर बघत नव्हता, म्हणून मला त्याचाच जास्त संशय आला.

"तुह्या मनात अजून तेच आहे ना बे?" तो म्हणाला.

"काय?"

"मी आवाज देला होता त्या दिवशी."

"मला ऐकू आला नाही."

"आला. तू मान वळवून माह्या तोंडाकडे पाह्यलं. खरं बोलून राहिलो का खोटं, ते पाहून राहिला होता. तेवढ्यात आदळला."

मी तोंडाकडे बघत नाही, हे त्याला माहीत होतं. तरी तो तसं म्हणाला. त्याने चहा अर्धाच घेतला आणि गेला. जाताना गार्गीशी दारात काहीतरी बोलला. काय, ते मला ऐकू आलं नाही.

त्यानंतर घर अरुंद व्हायला लागलं. जितकं उंच व्हायचं, तितकं ते आतून आखडायचं. छत अठरा फुटांवर गेलं तेव्हा सोफा बाहेर काढावा लागला. पुढच्या आठवड्यात कपाट. फरशीवर पांढऱ्या रेषा उमटल्या. सुलक्षणा त्या रोज पुसायची आणि त्या रोज यायच्या. शेवटी हॉल एवढा राहिला की मी हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटं टेकत. खरं सांगतो, मला बरं वाटलं. इतक्या रुंदीत माझ्याजवळून कोणी गेलेलं नाही. सुलक्षणाला मात्र तिथून पाण्याची घागर नेताना तिरपं व्हावं लागे.

"अहो, जेवून तरी घ्या बसून," ती म्हणायची.

"दे इथेच."

"किती दिवस असे उभे राहून राहाल?"

बचाव किती वेळ करायचा, हे बचाव करणाऱ्याच्या हातात नसतं.

मग बाहेरगावच्या एका अकादमीचं पत्र आलं. गार्गीला त्यांनी घेतलं होतं. गुरुवारी दुपारी दोनची गाडी. सुलक्षणाने पत्र मला वाचून दाखवलं.

"तिला जाऊ द्या ना," ती म्हणाली.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? हॉस्टेलला."

हॉस्टेल म्हणताना तिच्या साडीच्या निऱ्या बोटभर वर गेल्या. माझी स्वतःची बायको. मला इतकं वाईट वाटलं की मी पत्र हातातही घेतलं नाही.

गुरुवारी दुपारी एक वाजता मी दाराकडे पाठ करून उभा होतो. गुडघे वाकलेले, हात भिंतींना. समोर बेसिन, आरसा आणि त्याच्या बाजूला स्वयंपाकघराचं दार. आत कुकर लावलेला होता आणि त्याची शिट्टी होत नव्हती. गार्गी बाहेर आली. खांद्यावर बॅग होती, ती तिने भिंतीशी ठेवली. दार माझ्यामागे होतं, पण तिच्या टी-शर्टाचा काठ उचलला गेला, म्हणजे ती दाराकडे बघत नव्हती. तिच्या हातात बॉल नव्हता. बॉल नसलेल्याला काय टाकायचं असतं, ते मला मांजराच्या वेळी कळलं होतं.

"बाबा, गाडी सुटेल."

"पुढची घे."

"पुढची उद्या आहे."

"मग उद्याची घे."

"तुम्ही उद्याही इथेच असाल."

"असेन."

ती डावीकडे आली. मी डावीकडे होतो. ती थांबली, खांदा एका बाजूला टाकला आणि दुसरीकडून आली. मी तिथेही होतो. पंचेचाळिसाव्या वर्षी माझे पाय असे चालतात, याचा मला अभिमान वाटला, आणि तिचा त्याहून जास्त वाटला, कारण इतकी साफ हूल देणारा खेळाडू मला सगळ्या कारकिर्दीत दोनदाच भेटला होता. ती मागे झाली. श्वास घेताना तिचा टी-शर्ट आत-बाहेर होत होता. मी त्याच्यावरून नजर हलवली नाही. कुकर अजून गप्प होता. मग ती माझ्या उजवीकडे निघाली आणि निघता निघता म्हणाली,

"बाबा, उजवीकडे स्क्रीन."

तीस वर्षांत असं झालेलं नाही. ज्याला जायचं असतं तो आपलीच स्क्रीन सांगत नाही. ती सांगायला आपला माणूस लागतो. म्हणजे उजवीकडे काही नसणार आणि ती मला तिथून हलवत असणार. किंवा उजवीकडे खरंच कोणी असणार आणि मला लागू नये म्हणून ती सांगत असणार. टी-शर्टावरून यातलं काहीच कळेना. म्हणून मी वर, तिच्या तोंडाकडे पाहिलं.

चेहरा मोठ्या बाईचा होता. डाव्या भुवईत एक जुना व्रण होता, तीन टाके पडले असतील असा. तो कधी झाला, मला माहीत नव्हतं. दवाखान्यात मीच घेऊन गेलो असेन कदाचित. डोळे भरलेले होते आणि ती खोटं बोलत नव्हती.

माझा उजवा खांदा सुलक्षणावर आदळला. ती स्वयंपाकघरातून कधी आली, मला कळलं नाही. पाय रोवून, दोन्ही हात छातीवर घट्ट धरून, डोळे मिटून ती उभी होती. नियमाला धरून अगदी बरोबर स्क्रीन होती. तिच्या पदराला फोडणीचा वास होता. गार्गीचा हात जाताना माझ्या पाठीवरून फिरला, हलका, आणि मग जाळी वाजली.

"लागलं का तुम्हाला?" सुलक्षणाने डोळे न उघडता विचारलं.

"नाही. तुला?"

"नाही."

आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो. कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली. बॅग भिंतीशी तशीच होती. खाली काही पडलं नाही. सुलक्षणा माझ्या बाजूने तिरपी होऊन मागे गेली. मी वळलो नाही, वळून उपयोग नव्हता. मी आरशात पाहिलं. माझ्यामागे, दाराच्या वर भिंतीवर असलेल्या त्या फिकट जागेच्या बरोबर खाली, ती दोन्ही हातांनी पदर पसरून वर बघत उभी होती.