चौथीच्या वर्गातलं मशीन

"मास्टर, जरा मशीन थांबवा बरं," बाई म्हणाल्या.

मास्टरने शिलाई मशीनवरून पाय उचलला. चाक स्वतःच्या तंद्रीत आणखी थोडं फिरलं आणि थांबलं. त्याबरोबर कापडाच्या ताग्यांमागून येणारी बडबडही थांबली.

"आता चालवा."

मशीन पुन्हा खडखडू लागलं आणि ताग्यांमागून आवाज आला, "...मग तो म्हातारा जिना चढून वर गेला. वर इतका वारा होता, की..."

"चिमीच ना ही?" बाईंनी विचारलं. "अहो, वर्गात अजून मी हिचा आवाज ऐकला नाही. आणि इथे अख्खा धडा म्हणतेय!"

"छे हो बाई, घरात तोंड मिटत नाही तिचं," मास्टरची बायको काउंटरवरून म्हणाली. "बापाजवळ बसली की टकळी सुरू."

"मशीन चालू असेल तोवर," बाई म्हणाल्या.

नवरा-बायको एकमेकांकडे पाहत राहिले. गोष्ट रोज कानांवर पडत होती, पण दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. मास्टरला वाटायचं, पोर आपल्याशी बोलतेय. खडखडाटात तिचे अर्धे शब्द त्याला ऐकूही यायचे नाहीत. तो नुसता मान हलवायचा.

बाई खरं तर दोन कामांसाठी आल्या होत्या. शाळेच्या रंगमंचाचा पडदा उसवला होता, हे एक. दुसरं काम सांगायला त्या जरा घुटमळल्या. मोठ्या बाईंचं म्हणणं होतं, की चिमीला चौथीतच ठेवावं. तोंडी परीक्षेत ती एक अक्षर बोलत नाही. वाचता येतं की नाही हेच कळत नसेल, तर पुढच्या वर्गात ढकलण्यात पोरीचंच नुकसान.

मास्टरच्या हातातली कात्री तशीच राहिली. त्याची स्वतःची शाळा चौथीतच सुटली होती. त्याची जीभ अडकायची. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि दाराशी आलेल्या पाहुण्यासारखा तिथेच खोळंबायचा. मग त्याने कापडाशी मैत्री केली. कापडाला बोलावं लागत नाही. पुढे लग्न झालं आणि बायको दुकानाचं तोंड झाली. बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात म्हणतात. मास्टरचे गहू आजवर बायकोने विकले होते.

तिसरीत एकदा चिमीचा शब्द अडकला, तेव्हा मागच्या बाकावरून कुणी तरी ओरडलं होतं, "गाडी बंद पडली रे, ढकला!" सगळा वर्ग हसला. तेव्हापासून तिने गाडी बाहेर काढणंच सोडलं होतं.

"मशीनच्या आवाजात तिला तिचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून ती मोकळी होते," बाई म्हणाल्या. "काही मुलांचं असं होतं, मी वाचलंय कुठे तरी. आणखी एक वाचलंय. दोघांनी एका सुरात वाचलं, तर जीभ अडकत नाही. रोज थोडा वेळ तिच्याबरोबर वाचाल का, मास्टर?"

"त्यांना कुठलं जमतंय," बायको म्हणाली. "त्यांचं स्वतःचंच..."

"वा... वा..." मास्टर म्हणाला.

"वाचतील म्हणतायत," बायकोने पुरं केलं.

बाई हसल्या. "ताई, एक सांगू? राग नका मानू. चिमीचं वाक्यसुद्धा तुम्हीच पुरं करता ना?"

"मग काय करू? पोर अशी घुसमटते. आईच्या जिवाला बघवतं का ते?"

"नाही बघवत. पण तिचा शब्द तिचा तिलाच आणू द्या."

बायको गप्प झाली. काउंटरवर ही गोष्ट एवढी नवी होती, की चिमीने ताग्यांमागून डोकं बाहेर काढून पाहिलं.

त्या संध्याकाळपासून बापलेक मशीनशेजारी पुस्तक घेऊन बसू लागले. मास्टरला घाम फुटायचा. शर्टाची कॉलर बसवणारं बोट एकेका ओळीखालून सरकायचं. पण चिमीचा आवाज त्याच्या आवाजात मिसळला, की काय व्हायचं कोण जाणे, शब्द एकामागून एक सरळ टाक्यासारखे पडत जायचे. पहिल्यांदा अख्खं पान झालं तेव्हा दोघं एकमेकांकडे बघून असे हसले, जसं काही खिडकीतून उडी मारून पळून आलेत. बायको जेवायला वाढताना चिमीचं ऐकायची. शब्द अडला, की ती स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरायची.

"आई, तू श्... श्वास तरी घे," चिमी एकदा म्हणाली.

बाईंनी वर्गात पालकांचा तास सुरू केला होता. एका मुलाची आई नर्स होती, ती बँडेज बांधायला शिकवून गेली. एकाचे वडील सायकली दुरुस्त करायचे, ते पंक्चर काढून गेले. त्याच ओळीत मास्टरचं नाव लागलं. पडदा एवढा मोठा, की दुकानात मावणारच नाही, हे बाईंनी मोठ्या बाईंना पटवून दिलं होतं. त्याआधी त्यांनी चिमीला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मशीन वर्गात आणलं, तर वाचशील?" तिने बराच विचार करून मान डोलावली होती.

मशीन हातगाडीवरून आलं. मागच्या भिंतीशी मास्टर बसला, आणि निळा पडदा त्याच्या मांडीवरून जमिनीवर सांडला. मुलांनी आधी मशीनभोवती गराडा घातला, बॉबिन कशी भरतात ते पाहिलं, सुईत दोरा ओवून पाहिला. मग बाईंनी त्यांना जागेवर बसवलं. पडद्याची शिवण आणि धड्याचं वाचन दोन्ही सुरू झालं. चिमीची पाळी आली. ती उभी राहिली. मास्टरने पायांचा जोर वाढवला. खडखडाटातून पोरीचा आवाज निघाला, आणि पुढच्या बाकावरच्या मुली वळून पाहू लागल्या. ही बोलते?

दुसऱ्या दिवशीही वाचलं. तिसऱ्या दिवशी मोठ्या बाई आल्या.

"हा वाचनाचा तास आहे की शिवणकामाचा?" दारातूनच त्या म्हणाल्या.

"दोन्ही," बाई म्हणाल्या. "ऐका तर."

चिमी उभी राहिली. "समुद्राच्या काठी एक दीपगृह होतं. तिथे एक म्हातारा राहायचा..." मोठ्या बाईंनी मान तिरकी करून कान दिला. मास्टर पडद्याच्या दुहेरी दुमडीवर आला होता. कापड जाड, सुई जड जात होती. त्याने पाय रेटला आणि खाडकन मशीनचा पट्टा तुटला.

वर्ग एकदम रिकामा झाल्यासारखा वाटला.

"बंद पडलं!" मागून कुणी तरी म्हणालं. थोडी खसखस पिकली.

"...त्या दी... दी..."

चिमी थांबली. तिची मान खाली जाऊ लागली. मास्टरला ती मान ओळखीची होती. पट्टा सांधायला बराच वेळ लागला असता. तेवढ्या वेळात पोर खाली बसली असती, आणि एकदा बसलेलं माणूस पुन्हा उभं राहत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? काय करावं हे त्याने ठरवलं नाही. तो उठला, पडदा मांडीवरून घसरला, आणि त्याने श्वास घेतला. तो श्वास चिमीला ऐकू गेला. रोज वाचायला सुरुवात करताना तो असाच श्वास घ्यायचा.

"त्या दीपगृहाचा जिना फार जुना होता," दोघं एका सुरात म्हणाले. "म्हातारा रोज कंदील घेऊन वर जायचा..."

वर्ग मागे वळून बघत होता. मास्टरजवळ पुस्तक नव्हतं. धडा त्याला पाठ झाला होता. ओळ संपली, दुसरी सुरू झाली, आणि त्याने आपला आवाज हळूहळू खाली आणला, सायकल शिकवणारा माणूस सीटवरचा हात काढून घेतो तसा. चिमीच्या लक्षात आलं. ती अडखळली. "व्... वादळाच्या" या शब्दाशी तर फार वेळ थांबली. सायकलवाल्यांचा मुलगा काही बोलायला गेला, तर शेजारच्या मुलीने त्याला कोपर मारलं. शब्द आला. त्याच्यामागून पुढचा आला. पान संपेपर्यंत चिमीच वाचत होती, तुटक, थांबत, पण एकटी.

"बरं," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. "हिला वाचता येतं. चांगलंच येतं. माझं चुकत होतं." मग जाता जाता मास्टरकडे पाहून, "आणि तुम्ही उभे का? बसा ना."

मास्टर बसला.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलं बाहेर धावली. चिमीच्या दोन्ही बाजूंना दोन मुली होत्या, आणि ती त्यांना बॉबिनबद्दल काहीतरी सांगत होती. काय, ते गोंगाटात मास्टरला ऐकू आलं नाही. तिने मागे वळून पाहिलं नाही. त्याला बरं वाटलं, आणि थोडं चुकल्यासारखंही.

बाई व्हरांड्यात वह्यांचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या. मास्टर त्यांच्यासमोर गेला. सांगायचं होतं एवढंच, की तुमचे उपकार झाले. बायको बरोबर नव्हती.

"बाई, तुमचे उ... उ..."

शब्द नेहमीच्या जागी अडला. दोन मुलं त्यांच्या मधून पळत गेली. शिपाई निरोप घेऊन आला, "बाई, मोठ्या बाईंनी बोलावलंय." बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांनी मान हलवली नाही, समजलं म्हणून हसल्या नाहीत, मास्टरच्या तोंडात शब्द घातला नाही. गठ्ठा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि त्या उभ्या राहिल्या.

शब्द पुरा बाहेर आला तेव्हा मुलांचे डबे उघडून झाले होते. बाई अजून तिथेच होत्या.