न सापडलेली

सुंदराबाईंच्या खांद्यावर शाल पडली, शाळेचा हॉल टाळ्यांनी भरून गेला आणि पहिल्या रांगेतल्या आनंदीबाईंनी नेमका तेव्हाच चष्मा पुसायला काढला.

हडपसरला क्रांतिदिनाचा कार्यक्रम होता. दोघी एकाच आळीत वाढलेल्या, दोघींनी पंचाण्णवी ओलांडलेली. बेचाळीस साली, पंधराव्या वर्षी, त्या डोक्यावर भाजीची पाटी घेऊन मंडईत चालत जायच्या. मेथीच्या जुड्यांखाली भूमिगतांची पत्रकं असायची. आनंदीनं अशा नऊ खेपा केल्या. पोलिसानं हटकलं, तर ती त्यालाच मेथीचा भाव सांगायची. सुंदराची तिसरीच खेप होती. नाक्यावर झडती दिसताच ती घाबरून पळाली, पाटी सांडली आणि पकडली गेली.

सहा महिन्यांनी तुरुंगातून सुटून आली, ती स्वातंत्र्यसैनिक होऊनच. पुढे ताम्रपट आला. लग्नात, बारशात तिला मानाचा पाट मिळू लागला. आनंदीकडे काय होतं? न सापडल्याचा दाखला कोणतं सरकार देतं? नवऱ्याला एकदा तिनं सांगून पाहिलं. तो हसून म्हणाला, “तू? बरं बरं.” त्यानंतर आनंदीबाईंनी विषय काढला नाही. आतून मात्र जळत राहिल्या. धांदरट कोण, धीट कोण, हे गावात दोघींनाच ठाऊक होतं.

सुंदराबाईंना हल्ली घरची माणसं ओळखू येत नसत. जुनं तेवढं लख्ख आठवायचं. ही शेवटची संधी म्हणून आनंदीबाईंनी सकाळीच कार्यक्रम घेणाऱ्या शाळेतल्या सलिलसरांना गाठलं होतं. मीही होते, तिलाच विचारा, एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

सरांनी शब्द पाळला. माइक पुढे धरून त्यांनी विचारलं, “आजी, तुमच्याबरोबर अजून कोण होतं?”

“कुनी नव्हतं. मी एकलीच.”

“आनंदीबाई होत्या ना?”

“कोन आनंदी? मला ठावं न्हाई.”

आनंदीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ऐंशी वर्षं मिरवली, आणि मरतानासुद्धा एवढं नाव घेववेना हिला. निघून जायला त्यांनी काठी चाचपली.

सरांना वाटलं, आजींना ऐकू आलं नसावं. म्हणून ते आणखी जवळ वाकले. तशी सुंदराबाईंनी दोन्ही हात झटकन पदराखाली ओढून घेतले.

“मारा पायजे तेवढं, सायेब. दुसरी कुनी नव्हती.”

सर माइक घेऊन मागे सरकले.

त्या सहा महिन्यांत आत काय झालं, हे आनंदीबाईंनी कधी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं, तर जळायला जागा उरली नसती.

काठी टेकत त्या स्टेजच्या पायऱ्या चढल्या आणि सुंदराबाईंच्या कानाशी वाकल्या.

“गेला सायेब.”

सुंदराबाईंनी हात बाहेर काढले नाहीत. अनोळखी बाईकडे बघावं तसं त्यांनी आनंदीबाईंकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.