पौर्णिमेचे फोल्डर

माझी बायको कमला जाऊन वर्ष झालं, रविवारी तिचं पुण्यानुमोदन होतं. आमची मुलगी दीपमाला पुण्याला असते. तिला आठवा महिना लागलेला, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. म्हणून ठरलं की ती कॉम्प्युटरवरून हजर राहील. कमला गेली तेव्हाही दीपमाला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आता तरी तिला वंदना नीट ऐकू यावी, एवढंच मला पाहिजे होतं.

शनिवारी सकाळी आम्ही लावून पाहिलं. चित्र अडकलं.

"बाबा, तुमी हालूनच नाई राह्यले. तोंड उघडं ठेवून पुतळा झाला तुमचा."

"मी तर बोलून राह्यलो."

"काय? तुकड्या-तुकड्यानं आवाज येते."

मग तिने मोबाइलवर फोन केला. मी हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो. मशीन ओढत नसेल तर आधी तिच्यावरचा भार काढायचा, हे मला ठाऊक आहे. तसं मी उघडलेलं सगळं बंद केलं. तरी कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा जोरात फिरतच होता.

"सारं बंद केलं पोरी. स्क्रीनवर काहीच नाई."

"स्क्रीनवर नाई म्हणजे बंद झालं असं नसते बाबा. मागं चालू राह्यते. कंट्रोल, शिफ्ट अन् एस्केप, तिन्ही संगच दाबा."

टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडली. तिच्यात नावांची भली मोठी रांग. यातलं एकही मी सुरू केलेलं नव्हतं. दीपमालेनं सीपीयू लिहिलेल्या जागी क्लिक करायला लावलं. जो मशीनची ताकद सगळ्यात जास्त खात होता तो वर आला.

"काय हाये वरती?"

"फोटोचं काहीतरी हाये. बाकीचेही बंद करू का?"

"हात नका लावू! ज्याले ओळखत नाई त्याले तसंच राहू द्या, नाईतर पुरा कॉम्प्युटर बसून जाईन. हा फोटोवाला नवीन फोटो आले की एकेक उघडते, चेहरा ओळखते, एका माणसाचे एकीकडं लावते. पण एवढे नवीन फोटो आले कुठून?"

मी तिला फोल्डरांची नावं वाचून दाखवली. माघ पौर्णिमा, फाल्गुन पौर्णिमा, चैत्र पौर्णिमा, असे पुढे.

दर पौर्णिमेला मी आणि कमला नालवाडीच्या विहारात जायचो. आता एकटा जातो. घरी आलो की तिचा फोन वायरने जोडतो आणि त्यातले सगळे फोटो एका नव्या फोल्डरमध्ये उतरवतो. आधीचे एखाद्या वेळी उडाले तर.

"सारेच? दरवेळी तेच?"

"तेच. तिच्या फोनमध्ये नवीन कुठून येणार?"

ती म्हणाली, "म्हणजे तो बिचारा वर्षभर आईलेच ओळखत बसला."

तिने एंड टास्क दाबायला सांगितलं.

"फोटो जाईन का?"

"नाई जात. काम थांबते फक्त."

"अन् त्यानं ओळखून लावलेलं?"

"तेही राह्यते. दाबा आता."

मी दाबलं. पंखा हळू झाला. पण कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला तर तो फोटोवाला परत हजर. मशीन सुरू होतानाच तो आपला आपण सुरू होत होता. मग तिने स्टार्टअपच्या यादीत नेलं आणि तिथे त्याला बंद करून ठेवायला लावलं.

"जास्तीचे फोल्डर काढून टाकू?" तिने विचारलं.

"राहू दे."



रविवारी भंतेजी आले, नात्यातले आले, शेजारचे प्रभाकरराव आले. स्क्रीनवर पांढरी साडी नेसून दीपमाला हात जोडून बसली होती. त्रिशरण, पंचशील तिने आमच्या सोबत म्हटलं. चित्र एकदाही अडकलं नाही.

"पोरगी इथंच बसल्यावाणी दिसते," प्रभाकरराव म्हणाले. "पंगतीत पान वाढा तिचं."

"काका, वाढा. दोघांचं वाढा," ती म्हणाली, तशी बायका हसल्या.

जेवणं झाली. लोक आपापल्या घरी गेले. सतरंजी गुंडाळून मी कॉम्प्युटर बंद करायला आलो.

"बंद नका करू बाबा," ती म्हणाली. "राहू द्या चालू. मी माह्या कामात, तुमी तुमच्या."

ती उठून आत गेली. स्क्रीनवर तिची रिकामी खुर्ची आणि तिच्या घरची भिंत राहिली. मी इकडे खुर्चीवर बसलो. तिकडे नळ सुरू झाला, भांडं आपटलं, कोणाशी तरी ती दूधवाल्याबद्दल बोलली. बोलण्यासारखं मला काही नव्हतं, आणि ती समोरही नव्हती. माझा डोळा लागला असावा.

कुकरची शिट्टी झाली. मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि गॅसच्या बटणाला हात घातला.

गॅस बंदच होता. ओटा पुसलेला होता.

मी परत येऊन बसलो. तिकडे दुसरी शिट्टी झाली.